सांगाड्यांची मुकादमी

गोंदिया जिल्ह्यात जुलै महिन्यात एकवेळ देव भेटेल, पण रोवणीला मजूर भेटणार नाही. पाऊस पडलेला असतो, बांधीत चिखल झालेला असतो, पऱ्हे उपटण्याजोगे वाढलेले असतात आणि गावातले सगळे मजूर दहा रुपये जास्त मिळतात म्हणून शेजारच्या गावी गेलेले असतात. शेजारच्या गावचे त्याच्या पलीकडच्या गावी. अशा दिवसांत शेतकऱ्याच्या मनात जे विचार येतात त्यातले बरेचसे छापण्याजोगे नसतात. मेलेली माणसे उठवून कामाला जुंपावीत, हा त्यातल्या त्यात सौम्य विचार. एका मोठ्या जागतिक धंद्याने तर तो अमलातही आणला आहे. तो धंदा म्हणजे कल्पनारम्य दुनियेतले गेम.

या गेममध्ये शिरताना खेळणाऱ्याला एक सोंग घ्यावे लागते. कुणी तलवारबाज होतो, कुणी तिरंदाज, कुणी जखमा भरून काढणारा पुरोहित. आणि काही मुले, जी घरी अत्यंत गरीब स्वभावाची असतात आणि रात्री मागच्या अंगणातला दिवा लावायलाही कुणाला तरी सोबत नेतात, ती नेक्रोमॅन्सर होतात. म्हणजे मुडदे उठवणारा मांत्रिक. माझा भाचा या पंथाचा. कॉलेजसाठी तो गोंदियात आमच्याकडे राहतो. संध्याकाळी त्याला चहाला हाक मारली की आतून आवाज येतो, "मामाजी, पाच मिनिटं. मुडदे उठवून राहिलो." सुरुवातीला हे ऐकून शेजारच्या काकूंनी आमच्याकडे येणे कमी केले होते. आता आमच्या घरात या वाक्याला 'आंघोळ करून राहिलो' एवढेच महत्त्व उरले आहे. "उठवून झाले की दळण घेऊन ये," असे त्याची मामी स्वयंपाकघरातूनच सांगते.

मी निवृत्त शिक्षक. कुठलीही विद्या दिसली की तिचा अभ्यासक्रम पाहावा, ही जुनी खोड. भाच्याला समोर बसवून चौकशी केली, तर ही विद्या आमच्या बीएडपेक्षा शिस्तीची निघाली.

मूळ पीठ अमेरिकेत. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ काढला. त्याला संगणक लागत नाही. कागद, पेन्सिल, चित्रविचित्र बाजूंचे फासे आणि मध्येच काम न सांगणारे आईवडील एवढे साहित्य पुरते. पुढे संगणकावर आलेल्या कितीतरी गेमनी लेव्हल चढत जाण्याची पद्धत तिथूनच उचलली. या खेळाच्या २०१४ च्या नियमपुस्तकाप्रमाणे पहिल्या चार लेव्हलपर्यंत मांत्रिकाला मेलेले झुरळही उठवता येत नाही. पाचव्या लेव्हलला मंत्र हाती येतो. साहित्य : रक्ताचा एक थेंब, मांसाचा एक तुकडा, चिमूटभर हाडांची पूड. वेळ : एक मिनिट. फलप्राप्ती : हाडे असतील तर एक सांगाडा, प्रेत असेल तर एक झोंबी. एका मंत्राला एक नग.

खरी गंमत पुढच्या कलमात आहे. उठवलेला सांगाडा चोवीस तासच ऐकतो. मुदत संपली म्हणून तो परत आडवा होत नाही, उभाच राहतो, फक्त ऐकत नाही. आणि अशा वेळी त्याच्या सर्वांत जवळ उभा असलेला जिवंत माणूस बहुधा त्याचा मालकच असतो. यावर उपाय एकच. मुदत संपायच्या आत मंत्र पुन्हा म्हणायचा. एका मंत्रात जुन्या चौघांची हजेरी लागते, पण मग त्या मंत्राने नवा कुणी उठत नाही. पाचव्या लेव्हलच्या मांत्रिकाकडे या दर्जाचे मंत्र दिवसाला दोनच. म्हणजे ज्याने आठ सांगाडे जमवले, त्याचे दोन्ही मंत्र सकाळीच हजेरीपटावर खर्ची पडतात आणि तो रिकाम्या हाताने लढाईला निघतो. फौज मोठी, पण मालकाच्या खिशात काही नाही. ही अवस्था आपल्याकडच्या बऱ्याच मोठ्या शेतकऱ्यांना ओळखीची वाटेल.

शिवाय सांगाड्याला स्वतःची अक्कल नसते. त्याला मनातल्या मनात हुकूम द्यावा लागतो आणि तोही साठ फुटांच्या आत उभे राहून. हुकूम दिला नाही तर तो फक्त स्वतःचा बचाव करतो, बाकी काही करत नाही. अकराव्या लेव्हलला प्रेते खाणारी तीन पिशाच्चे एकदम उठवण्याचा मंत्र मिळतो, पण तो फक्त रात्री चालतो, म्हणजे रात्रपाळी आली. आणि जो मुडद्यांच्याच शाखेत शिकला, त्याला चौदाव्या लेव्हलला काय मिळते? दुसऱ्याने उठवलेला मुडदा स्वतःकडे वळवून घेण्याची शक्ती. इतके शिकून, इतकी हाडे दळून, माणूस शेवटी दुसऱ्याचा मजूर फोडण्यापर्यंत येऊन पोहोचतो. ते आमच्याकडे जुलैत निरक्षर माणूससुद्धा करतो.

एकदा भाच्याचे वडील, म्हणजे आमचे जावईबापू, आमगावकडून खताच्या कामाने गोंदियाला आले होते. दिवस रोवणीचे. चेहऱ्यावर मजूर न मिळाल्याची कळा. मुलगा अभ्यास करतो आहे या समजुतीने ते खोलीत डोकावले, तर पडद्यावर दहा-बारा सांगाडे रांगेत उभे. दुसरा बाप ओरडला असता. शेतकरी बाप खुर्ची ओढून बसला.

"हे कोणाचे?"

"माझे, बाबा."

"मजुरी किती देतं?"

"मजुरी नाही लागत."

"चहा? तंबाखू?"

"काहीच नाही."

"पाण्यात उभे राहतात?"

"राहतात की. चिखल, पाऊस, काही होत नाही त्यांना."

जावईबापू बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. त्या नजरेत जी आर्तता होती ती आमच्या बहिणीला पाहायला आले होते तेव्हाही नव्हती. मग त्यांनी खालच्या आवाजात विचारले, "रोवणी करतात का?"

"नाही बाबा. फक्त लढतात."

"मग काय कामाचे? लढणारे तर आपल्या गावात जिवंतच पुष्कळ आहेत."

तरी जाता जाता त्यांनी साठ फुटांचा नियम ऐकून घेतला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "गुरुजी, साठ फुटांत उभं राहून एकेकाला सांगायचं असेल, तर धुऱ्यावर दिवसभर मीच उभा ना? मग हा जादूगार कशाचा? हा तर मुकादम."

या विद्येवर इंग्रजीत भरभक्कम नियमपुस्तके आहेत. पण तिचे सार आमच्या जावईबापूंनी चपला घालता घालता सांगितले. नेक्रोमॅन्सर जसजसा लेव्हल चढतो तसतसा त्याच्यातला मांत्रिक मावळतो आणि मुकादम उगवतो.

संगणकावर तर हे फारच ठळक दिसते. २००० साली आलेल्या 'डायाब्लो टू' या गेमने मुडदे उठवणाऱ्याला स्वतंत्र दर्जा दिला. तिथे पहिल्याच लेव्हलला सांगाडा उठवता येतो, मात्र त्यासाठी प्रेत लागते, आणि पहिले प्रेत मिळवण्यासाठी पहिला राक्षस स्वतःच्या हाताने मारावा लागतो. थोडक्यात, भांडवल घरचे. त्यानंतर सहाव्या लेव्हलला मातीचा पुतळा, बाराव्याला मंत्र फेकणारा सांगाडा, अठराव्याला रक्ताचा पुतळा, चोविसाव्याला लोखंडाचा, तिसाव्याला आगीचा. लोखंडाचा पुतळा करायला कोणतीही धातूची वस्तू चालते. हे कळल्यापासून भाच्याची मामी पितळी डबे मोजून ठेवते.

सुरुवातीच्या आवृत्त्यांत सांगाडे उठवण्याच्या कौशल्यात जितके गुण घालाल तितके सांगाडे मिळत. वीस गुणांचे वीस. पडद्यावर मंडईसारखी गर्दी होई आणि राक्षस कुठे आहे तेच दिसत नसे. मग २००३ साली कंपनीने सुधारित आवृत्ती काढली. पहिल्या तीन गुणांना एकेक सांगाडा, त्यानंतर दर तीन गुणांमागे एक. म्हणजे वीस गुण ओतले तरी आठच. वर सांगितले की संख्या कमी केली असली तरी प्रत्येकाची ताकद वाढवली आहे. सरकारी शाळेत नोकरी केलेल्या माणसाला हे वाक्य तोंडपाठ असते. आमच्याकडेही पदे कमी करताना असेच सांगितले होते. ताकद वाढल्याचे अजून कुणाच्या लक्षात आलेले नाही.

त्यातच एक नैतिक पेच. या गेममध्ये प्रेताचे दोन उपयोग. त्यातून सांगाडा उठवता येतो किंवा त्याचा बॉम्ब करून आजूबाजूचे राक्षस उडवता येतात. प्रेत एकच. त्यामुळे लढाई ऐन रंगात असताना मांत्रिक उभा राहून विचार करतो, की याला कामावर घ्यावे की फोडावे? तिसाव्या लेव्हलला तिसरा उपयोग येतो. राक्षस जसा होता तसाच्या तसा, शिंगांसकट परत उभा करायचा. पण फक्त तीन मिनिटांसाठी. ही शुद्ध ठेका पद्धत. आणि २०२३ च्या 'डायाब्लो फोर'मध्ये तर मांत्रिकाला एक वहीच दिली आहे, मृतांची वही. तीत प्रत्येक प्रकारच्या सांगाड्यापुढे खूण करायची. लढाईला कोणता, ढालीला कोणता, आणि नको असेल तर त्याला काढून टाकून त्याच्या बदल्यात मालकाचीच ताकद वाढवून घ्यायची. मेलेल्या माणसाला स्वेच्छानिवृत्ती देणारी ही बहुधा जगातली पहिलीच योजना.

२०११ चा 'स्कायरिम' याबाबत अधिक कठोर. तिथे नवशिक्याचा मुडदा साठ सेकंद चालतो आणि त्यानंतर त्याची राख होते. एकदा राख झाली की संपले, राखेतून कुणी उठत नाही. मुडदा कायमचा पाळायचा असेल तर विद्येच्या शेवटच्या टोकाला जावे लागते.

हा राखेचा मुद्दा मात्र आपल्या मुळावर येतो. युरोपात माणसे पुरण्याची चाल. त्यामुळे तिकडच्या मांत्रिकाला कच्चा माल जागेवर मिळतो. आपल्याकडे बहुतेक घरांत दहन. तिसऱ्या दिवशी अस्थी नदीत. राख झाली, अस्थी वाहून गेल्या, आता उठवायचे काय? म्हणूनच मराठी मुलखात सांगाड्यांची फौज कधी उभी राहिली नाही. उरला तो नुसता जीव, आणि तोही अत्यंत हट्टी. मुंजा, समंध, हडळ, खवीस, झोटिंग, चकवा, पाण्यातला गिऱ्हा. या यादीतले एकही भूत कुणाच्या हाताखाली काम करत नाही. प्रत्येकाची जागा ठरलेली, वेळ ठरलेली, खाणे ठरलेले. मुंजा पिंपळ सोडत नाही. चकवा वाट चुकवण्यापलीकडे दुसरे काम हातात घेत नाही. गेममधला सांगाडा मालक सांगेल ते करतो. आपले भूत उलट मालकाकडे मागते. नारळ दे, कोंबडे दे, दहीभात दे, राहिलेली इच्छा पुरी कर. त्यामुळे आपल्या मांत्रिकाचे सगळे कसब भूत उठवण्यात नाही, उठलेले घालवण्यात खर्च झाले. हाकेचीही तीच उलटापालट. हल्ली पोरे 'सोलो लेव्हलिंग' नावाची कोरियन कथा पाहतात. तिचा नायक मेलेल्या शत्रूला 'ऊठ' म्हणून हाक मारतो, तीन हाकांत सावली उठली तर त्याची, नाही तर गेली. आमच्या लहानपणी रात्री भूत माणसाला हाक मारी, आणि तिसऱ्या हाकेपर्यंत ओ देऊ नये असे आजी सांगायची.

भूत कामाला लावण्याचा प्रयोग आपल्याकडे झालाच नाही असे नाही. एका शेतकऱ्याच्या ताब्यात भूत आले, त्याने एकच अट घातली, की मला सतत काम दे, काम संपले की तुला खाईन. ही गोष्ट घरोघर सांगतात. शेतकऱ्याने विहीर खणायला सांगितली, झाली. शेत नांगरायला सांगितले, झाले. घर बांधून झाले. दुपारपर्यंत वर्षाची कामे संपली आणि मालक घामाघूम. शेवटी त्याने अंगणात खांब रोवला आणि सांगितले, यावर चढ आणि उतर, मी सांगेपर्यंत. लहानपणी आम्हाला यातली शेतकऱ्याची हुशारी दाखवून देत. आता कळते की ती गोष्ट कामाच्या नियोजनावर आहे. मजूर मिळत नाही तेव्हा माणूस रडतो. न थकणारा मजूर मिळाला तर त्याला पुरेल इतके काम आपल्याकडे असते का, हे कुणी मोजलेले नसते.

वेताळपंचविशीतला मांत्रिक तर याहून आळशी. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागर' रचला, त्यात ही कथा येते. मसणात मंडल आखून बसलेल्या साधूला सिद्धीसाठी झाडावर लटकलेले प्रेत हवे होते. गेममधला मांत्रिक निदान प्रेतापर्यंत स्वतः चालत जातो. यांनी राजाला पाठवले. राजा प्रेत खांद्यावर घेतो, प्रेतातला वेताळ गोष्ट सांगतो, शेवटी कोडे घालतो. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोके फुटेल म्हणतो, आणि उत्तर दिले की परत झाडावर. रात्रभर हे चालते. साधूला वाटत असेल, काम सुरू आहे. शेवटी वेताळ राजाला साधूचा खरा बेत सांगून टाकतो आणि राजा त्या साधूचेच मुंडके उडवतो. मजुराशी दुसऱ्यामार्फत बोलणाऱ्या सर्व मालकांनी ही कथा मुळातून वाचावी.

जुन्या काळी बाहेरच्या जगातही मुडद्यांना अंगमेहनत सांगत नसत, सल्ला विचारत. होमरच्या 'ओडिसी'त ओडिसियस खड्डा खणून त्यात मध, दूध, दारू, पाणी, सातू आणि मेंढ्यांचे रक्त ओततो. कशासाठी? तर घरी जायची वाट विचारायला. बायबलमध्ये शौल राजा, ज्याने स्वतःच मृतांशी बोलणाऱ्यांना देशातून हाकलले होते, वेश पालटून एन्दोरच्या बाईकडे जातो आणि शमुवेलाला बोलावतो. शमुवेल वर येऊन पहिली तक्रार करतो ती ही, की मला कशाला त्रास दिलास? मेल्यावरसुद्धा माणसाला मान होता. आजचा गेम त्याच्या हाती गंजकी तलवार देतो आणि म्हणतो, हो पुढे.

मात्र या सगळ्यांत खरा वरच्या लेव्हलचा माणूस आपलाच. शुक्राचार्य. त्यांच्याकडे संजीवनी होती. देवांशी लढताना मेलेले दैत्य ते पुन्हा उभे करत आणि उभा राहिलेला दैत्य राख होत नसे, चोवीस तासांनी बिघडत नसे, पूर्वीसारखाच जेवतखात असे. ही विद्या चोरायला देवांनी बृहस्पतीचा मुलगा कच याला शिष्य म्हणून धाडला. दैत्यांनी कचाला मारून लांडग्यांना घातले, गुरूंच्या मुलीने, देवयानीने, हट्ट धरला, शुक्राचार्यांनी हाक मारली, कच लांडग्यांची पोटे फाडून हजर. पुढे दैत्यांनी त्याला जाळून राख केली आणि ती राख दारूत कालवून खुद्द गुरूंनाच पाजली. राखेतून उठवता येत नाही हा 'स्कायरिम'चा नियम आपल्याकडे हजारो वर्षांपूर्वीच मोडलेला होता, अडचण एवढीच होती की कच आता गुरूच्या पोटात होता. तो बाहेर आला तर गुरू मरणार. तेव्हा गुरूंनी पोटातल्या शिष्याला आधी विद्या शिकवली, मग बाहेर बोलावले, आणि शिष्याने बाहेर येऊन मेलेल्या गुरूला उठवले. ही 'महाभारता'तली कथा. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९१३ साली तिच्यावर 'विद्याहरण' हे संगीत नाटक लिहिले. गुरूने दारू प्यायली आणि गुपित गेले, हा त्यातला बोध. तो त्या काळी फारसा कुणी घेतला नाही, आताही घेत नाहीत.

संख्येच्या बाबतीत व्यासांची बरोबरी कुणी करणार नाही. युद्धानंतर बऱ्याच वर्षांनी, 'महाभारता'च्या आश्रमवासिक पर्वात, ते गंगेत उतरून हाक मारतात आणि कुरुक्षेत्रावर पडलेले दोन्ही बाजूंचे वीर पाण्यातून वर येतात. मुदत एक रात्र. कुणालाही काही काम सांगितलेले नाही. आईबापांना भेटा, बायकांशी बोला, सकाळ झाली की परत. मुडदे उठवण्याचा सर्वांत मोठा प्रयोग, आणि त्यात एकाही मुडद्याकडून घडाभर पाणीसुद्धा भरून घेतले नाही. व्यास मुकादम नव्हते, याचा एवढा एक पुरावा पुरेसा आहे.

झाडीपट्टीच्या रंगभूमीवर मात्र काम करून घेतात. दिवाळीनंतर मंडया भरू लागल्या की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या गावागावांत रात्रभर नाटके चालतात. नटसंच बेताचा, पात्रे भरपूर. पहिल्या अंकात खलनायकाच्या गोळीने मेलेला सज्जन शेतकरी तिसऱ्या अंकात मिशा लावून हवालदार म्हणून येतो आणि स्वतःच्याच खुनाचा तपास करतो. प्रेक्षकांची तक्रार नसते. तिकीट घेतले आहे, तर मेलेला माणूस पुन्हा दिसलाच पाहिजे अशी त्यांची रास्त अपेक्षा असते.

आता नेक्रोमॅन्सरची शेवटची पायरी. खूप लेव्हल चढला, खूप हाडे जमवली, की त्याच्या लक्षात येते, आपले हे सगळे नोकर अमर आणि आपण तेवढे मरणार. मग तो लिच होतो. म्हणजे स्वतःचा जीव एका डबीत काढून ठेवतो, डबी लपवून ठेवतो आणि स्वतः मरून सांगाडा होतो. डबी सापडेपर्यंत त्याला कुणी मारू शकत नाही. सात समुद्रांपलीकडच्या पोपटात जीव ठेवणारा राक्षस आपण पाळण्यात असल्यापासून ऐकला आहे, त्यामुळे यात आपल्याला नवल नाही. नवल आहे ते बढतीचे. इतकी वर्षे ज्यांच्यावर मुकादमी केली, शेवटी त्यांच्याच रांगेत जाऊन उभे राहायचे. फरक एवढाच, की याला रोज कुणी हजेरीला बोलावत नाही.

ते सुख आम्हा पेन्शनवाल्यांच्या नशिबी नाही. दर नोव्हेंबरात आम्हाला आपण मेलो नाही हे लिहून द्यावे लागते. त्याला हयातीचा दाखला म्हणतात. समोर उभा राहिलेला, धापा टाकणारा, चष्मा पुसणारा माणूस जिवंत आहे की नाही हे तो माणूस ठरवत नाही, कागद ठरवतो. २०१४ पासून हा दाखला बोटाच्या ठशावरही मिळतो. मात्र जन्मभर खडू धरून आमचे ठसे इतके झिजलेत की यंत्र बराच वेळ विचारात पडते, आणि तेवढा वेळ आम्ही ना इकडचे ना तिकडचे.

खरी सिद्धी कागदाकडे आहे. उत्तर प्रदेशात आझमगढ जिल्ह्यातल्या लालबिहारींना त्यांच्या नातेवाइकांनी जमिनीसाठी सरकारी दप्तरात मेलेले दाखवले. माणूस चालता-बोलता, दप्तरात मृत. १९९४ साली त्यांना पुन्हा जिवंत करण्यात आले, तोवर त्यांनी नावापुढे 'मृतक' लावले होते, अशाच इतर मृतांचा संघ काढला होता आणि राजीव गांधींच्या विरोधात निवडणूकही लढवली होती. २००३ मध्ये त्यांना विनोदी संशोधनाचा इग नोबेल पुरस्कार मिळाला, शांततेचा. कोणत्याही गेममध्ये मुडदा स्वतःच अर्जावर अर्ज करून उठलेला नाही. आणि आमचा गोंदिया जिल्हाच घ्या. ३० एप्रिल १९९९ च्या रात्री आम्ही भंडारा जिल्ह्यात झोपलो आणि १ मेला गोंदिया जिल्ह्यात उठलो. कुणी कूस बदलली नाही, हाडांची पूड लागली नाही. एका राजपत्राने लाखो माणसे एकदम उठवली आणि आजवर त्यातला एकही साठ फुटांत येऊन हुकूम मागत नाही.

तेव्हा तरुण वाचकांना एवढेच सांगणे. ही विद्या शिकायची हौस असेल तर जरूर शिका, पण ती संगणकावरच शिका. तिथे फार तर वीज जाते, दळण राहते आणि मामीची बोलणी बसतात. बाहेर प्रकरण वेगळे आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, त्यानंतर चारच दिवसांत राज्याने जादूटोणाविरोधी अध्यादेश काढला आणि डिसेंबरात, नागपूरच्या अधिवेशनात, तो कायदा झाला. भुताला बोलावीन अशी धमकी देऊन लोकांना घाबरवणे हेही त्या कायद्याच्या अनुसूचीत आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आहे आणि अजामीनपात्रही.